तळाचा श्वास

सगुणाबाई लोहार परत आल्या तेव्हा सुगंधा गुरव क्षयाच्या केंद्रात फुंकणीची, म्हणजे श्वास तपासायच्या यंत्राची, नळी बदलत होती. दारात त्यांना पाहून तिला आधी आनंदच झाला. बरे होऊन गेलेले पेशंट अधूनमधून असे यायचे, कुणी ओल्या शेंगांची पिशवी घेऊन, कुणी नातवाच्या बारशाचं आमंत्रण द्यायला. पण सगुणाबाईंनी पदर तोंडाला लावला, वाकून वाकून खोकल्या आणि तोच पदर तिच्यापुढे धरला. पदराला रक्त लागलं होतं.

"तू म्हंटलीवतीस न्हवं बाय, मी बरी झाले म्हणून?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर सुगंधाला सोपं गेलं असतं.

ही २०४३ सालची हकिकत. वारणेच्या काठी, तालुक्याच्या गावी क्षयावरच्या एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. देशभरात अशी अनेक केंद्रं होती, आणि त्या सगळ्यांत हे केंद्र वरचढ ठरलं होतं. इतर ठिकाणी पेशंट जंतूंपासून मोकळे व्हायला तीन-चार महिने लागत. इथं दोन महिन्यांच्या आतच होत. दिल्लीहून लोक पाहायला येऊन गेले होते, सुगंधाबरोबर फोटो काढून गेले होते.

औषधामागची कल्पना ऐकायला साधी होती. क्षयाचा जंतू मोठा लबाड. शरीर त्याच्याभोवती पेशींची भिंत उभारतं, तेव्हा तो आतल्या आत झोपी जातो. खात नाही, वाढत नाही. आणि आपली बहुतेक औषधं जंतूला मारतात ती तो वाढत असताना; झोपलेल्याला ती ओळखतही नाहीत. म्हणून पूर्वी क्षयाच्या गोळ्या महिनोन् महिने गिळाव्या लागत. एकेक जंतू कधी कूस बदलतोय याची वाट पाहत बसायचं, दुसरं काय! नव्या औषधानं ही वाट पाहणंच संपवलं. त्यातली पहिली गोळी मारत नव्हती, उठवत होती. झोपलेल्या जंतूला ती चुकीची खबर द्यायची, बाबा रे, भिंत पडली, खायला-प्यायला भरपूर आहे, ऊठ. तो उठला की दुसरी गोळी त्याला गाठायची. या पहिल्या गोळीला कागदोपत्री लांबलचक नाव होतं, पण केंद्रात सगळे तिला ‘भूपाळी’ म्हणत. ते नाव सुगंधानंच ठेवलं होतं. तिचे वडील तांबवड्याच्या सिद्धोबाच्या देवळात रोज पहाटे सनईवर भूपाळी वाजवत.

यात एक मोठी गोम होती. उठवलेले जंतू सगळे मेल्याशिवाय औषध थांबवलं, तर उरलेले नुसते जिवंत राहत नाहीत, ते मारणाऱ्या गोळीलाही सरावतात. म्हणजे थांबायचं कधी, हे अचूक कळायला हवं. ते सांगण्यासाठी होती फुंकणी.

माणूस जेव्हा अगदी तळापर्यंत श्वास सोडतो, फुफ्फुस पार रितं करतो, तेव्हा आतल्या बारीक बारीक नळ्या मिटतात. त्या पुन्हा उघडताना त्यांच्या भिंतींवरचे सूक्ष्म थेंब उडतात आणि पुढच्या श्वासाबरोबर बाहेर पडतात. जंतूचे तुकडे असतील तर ते त्या थेंबांत असतात. फुंकणी ते थेंब पकडायची आणि वाचायची. पेशंटनं वीस सेकंद सलग फुंकायचं, हिरवा दिवा पेटता राहिला पाहिजे, असं तीन वेळा. वीस सेकंद फुंकलं म्हणजे फुफ्फुस रितं झालंच, असं यंत्र बनवणाऱ्यांनी धरलं होतं. ते हुशार होते यात शंका नाही. पण त्यांच्यातल्या कुणी कधी सनई वाजवलेली नव्हती.

क्षयानं पोखरलेल्या छातीच्या माणसाला वीस सेकंद म्हणजे डोंगर. सुरुवातीला पेशंट फुंकायचे, मध्येच ढास लागायची, दिवा लाल व्हायचा. पुन्हा फुंक, पुन्हा लाल. बायका रडकुंडीला येत, पुरुष चिडून नळी फेकत. नाकाला लावायचा चिमटा आला की काही जण घाबरून अर्ध्यातून उठून जात. ज्याला चिमटा सोसत नाही त्याला तो लावू नये, अशी सवलत नियमांत होती. सुगंधानं हळूहळू सगळ्यांनाच ती सवलत दिली.

आणि मग तिला आबांची, म्हणजे वडिलांची, युक्ती आठवली. सनईचा सूर तुटू द्यायचा नसतो. वादक गालांत हवा साठवतो, गालांनी ती पुढे ढकलतो आणि त्याच क्षणी नाकानं नवा श्वास ओढून घेतो. गुरवांच्या घरात याला ‘फिरता दम’ म्हणत. मुलगी म्हणून सुगंधाच्या हातात कुणी सनई दिली नव्हती, पण भावकीतली पोरं पाण्याच्या पेल्यात नळी घालून बुडबुडे काढायची तेव्हा तीही शेजारी बसून काढायची, आणि तिचे बुडबुडे कधी तुटायचे नाहीत. तेच तिनं पेशंटना शिकवलं. पाण्याचा पेला, नळी, फुगवलेले गाल. दोन-चार दिवसांत म्हाताऱ्याकोताऱ्यांचाही हिरवा दिवा वीस सेकंद जळू लागला. केंद्रात आनंदीआनंद झाला. कुणाच्याही मनात पाल चुकचुकली नाही, तिच्याही नाही.

तर त्या दिवशी सुगंधानं सगुणाबाईंना फुंकणीसमोर बसवलं. त्यांनी सवयीनं फुंकलं. यंत्रानं सांगितलं, जंतू नाहीत. बेडका तपासला तर तो जंतूंनी खच्चून भरलेला. सुगंधानं यंत्र तपासलं. यंत्र ठणठणीत होतं. मग तिनं खुर्ची ओढून सगुणाबाईंच्या अगदी समोर मांडली आणि म्हणाली, "आणखी एकदा फुंका, मावशी."

सगुणाबाईंचे गाल टम्म फुगले. नाकपुड्या हलल्या, थांबल्या, पुन्हा हलल्या. दिवा हिरवाच राहिला. छाती मात्र होती तिथंच होती. ती खाली गेलीच नाही.

ज्याला श्वास फिरवता येतो, त्याचं फुफ्फुस कधीच रितं होत नाही. तळाचा श्वास बाहेर येतच नाही. तिचे पेशंट इतके दिवस फुंकणीला फक्त गालातली आणि गळ्यातली हवा देत होते, आणि ती त्यांना शाबासकी देत होती.

पुढचा विचार आला तशी ती उठली. फिरत्या कामासाठीची छोटी फुंकणी पिशवीत घातली, ड्रॉवरच्या तळाशी पडलेला नाकाचा चिमटा घेतला आणि स्कूटर तांबवड्याच्या रस्त्याला लावली. या चाचणीत शिदराम गुरवही होते. तिचे आबा. त्यांचा जंतू आधीच बाकीच्या औषधांना दाद देत नव्हता, म्हणून तर तिनं त्यांचं नाव घातलं होतं. आणि सगळ्यांत आधी मोकळे झालेले पेशंट तेच होते.

आबा ओसरीवर बसून सनईची पत्ती तासत होते. शेजारी भिवा घडशी संबळाच्या दोऱ्या आवळत होता. दोघं तरुणपणापासून एकत्र वाजवत आले होते, आणि तेव्हापासून एकमेकांना शिव्या घालत आले होते.

"ह्या वेळंला कशी काय आलीस?" आबा म्हणाले. "नोकरी सुटली का काय?"

"आबा, एकदा फुंकायचंय. नाकाला हे लावून."

आबांनी चिमटा उलटासुलटा करून पाहिला. "मला वेसण घालतीया ही, भिवा."

"लई आधी घालाय पायजे हुती," भिवा म्हणाला, हसला, आणि हसता हसता खोकला. चांगला खोलवरचा खोकला होता. सुगंधानं तो ऐकला आणि भिवाकडे वळून पाहिलं.

नाक बंद झाल्यावर आबांना पहिल्यांदाच दम न फिरवता फुंकावं लागलं. गाल फुगले, पण मागून हवा येईना. छाती खाली गेली, आणखी खाली गेली, खांदे पुढे आले. बारा सेकंदांवर त्यांना असा ठसका लागला की भिवानं धावत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. नियमानं ती फुंक बाद होती. सुगंधानं ती बाद केली नाही. पडद्यावर आकडा आला. तो शून्य नव्हता, शून्याच्या आसपासही नव्हता. त्याखाली यंत्रानं आणखी एक ओळ दाखवली: हा जंतू बदलला होता. मारणाऱ्या गोळीचा त्याच्यावर आता परिणाम होणार नव्हता.

आबांनी पडद्याकडे पाहिलं नाही. त्यांनी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळायचं ते कळलं.

"हाय म्हण की," ते म्हणाले. "आजून हाय."

"हाय, आबा." ती ओसरीच्या पायरीवर बसली. "माझ्यामुळं ऱ्हायलंय. मीच शिकवलं सगळ्यांना. मला कळायला पायजे हुतं."

"तू शिकीवलंस, पण तू शिकलीस कुठनं?" आबा म्हणाले. भिवाला पुन्हा उबळ आली आणि आबा त्याच्याकडे पाहत राहिले. मोकळे झाल्यापासून रोज पहाटे ते देवळाच्या नगारखान्यात त्याच्या मांडीला मांडी लावून फुंकत होते.

दुसऱ्या दिवशी केंद्रावर जाताना सुगंधाच्या मनात एक विचार आला, तो लपवण्यात अर्थ नाही. सगुणाबाईंना बोलावून गुपचूप उपचार सुरू करता आले असते. आबांनाही. बाकीच्यांना काहीतरी कारण काढून एकेक करून तपासता आलं असतं. कुणाला कळलं नसतं, तिची नोकरी राहिली असती, फोटोही भिंतीवर राहिला असता. तिनं हा विचार तालुक्याच्या वेशीपर्यंत सोबत वागवला. मग डॉक्टरांच्या खोलीचं दार ढकललं आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

डॉ. हेमांगी कारखानीस केंद्राच्या प्रमुख होत्या. कडक बाई, पण पेशंटच्या अंथरुणावर बसून जेवू घालणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सोमवारी दिल्लीला बैठक आहे," त्या म्हणाल्या. "आपल्या आकड्यांवर औषधाला मंजुरी मिळणार आहे. तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे, मॅडम."

"हे सांगितलं तर सगळी चाचणी मागे जाईल. वर्ष, कदाचित जास्तच. औषध चांगलं आहे, सुगंधा. इतर केंद्रांत ते सावकाश का होईना, पण काम करतंय. या वर्षभरात ज्यांना ते मिळणार नाही ते कुठे जातील? मी वीस वर्षं अशी माणसं मरताना पाहिली आहेत. वाट पाहत मरताना."

डॉक्टर काही खोटं बोलत नव्हत्या. तीच तर खरी अडचण होती.

"आपण सांगितलं नाही," सुगंधा म्हणाली, "तर दोन महिन्यांत औषध थांबवायचा नियम सगळीकडे लागू होईल. कमी दिवस म्हणजे कमी खर्च, ते आपलेच आकडे उचलणार. मग ठिकठिकाणी जंतू अर्धवट उठवून सोडले जातील. आणि ते या औषधाला मरणार नाहीत. आज माझ्या आबांच्या छातीत तसला एक आहे. आज तो फक्त तांबवड्यात आहे, मॅडम."

डॉ. कारखानीस उठून खिडकीशी गेल्या. बाहेर बाकांवर पेशंट बसले होते. एक म्हातारा पाण्याच्या पेल्यात नळी घालून बुडबुडे काढण्याचा सराव करत होता.

"आधी तो पेला काढून घे त्याच्याकडून," त्या म्हणाल्या. "मग दिल्लीला फोन लावून दे. मी बोलते. तुझं नाव मी घेणार नाही."

"घ्या, मॅडम. नाव घेतलंत तर नेमकं काय चुकलं ते त्यांना नीट कळेल."

पुढच्या आठवड्यांत जे व्हायचं ते झालं. मंजुरी अडली. वर्तमानपत्रांनी आधी डोक्यावर घेतलेलं केंद्र आता पायदळी तुडवलं. भिंतीवरचा फोटो उतरला. सुगंधाची चौकशी झाली. तिला कामावरून काढलं नाही, पण फुंकणीपासून दूर ठेवलं. घरोघरी जाऊन जुन्या पेशंटना परत आणायचं काम तिनं स्वतः मागून घेतलं. काहींनी तिला पाणी दिलं, काहींनी दारातूनच परत पाठवलं. एका घरातल्या बाईनं तर तिच्या अंगावर भांडं फेकलं. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारात जाऊन उभी राहिली. सुदैवानं बहुतेकांचे जंतू अजून बदलले नव्हते. औषध पुन्हा, आणि या वेळी पुरतं, दिल्यावर ते सावरले. सगुणाबाईही सावरल्या. भिवाला आबांकडून आलेली लागण सुरुवातीलाच पकडली गेली. पण जंतू आबांचाच, तो गोळ्यांना दाद देईना.

आबांसाठी आणि भिवासाठी एकच वाट उरली होती. एक जुनं इंजेक्शन. कित्येक वर्षांपूर्वी ते वापरातून गेलं होतं, कारण ते जंतूबरोबर कानाच्या आतले बारीक केसही मारतं. ते केस ऐकण्यासाठी असतात आणि एकदा गेले की पुन्हा उगवत नाहीत. भिवाचा आजार कोवळा होता, त्याला थोडक्यात भागणार होतं. आबांना मात्र ते महिनोन् महिने घ्यावं लागणार होतं. डॉ. कारखानीस स्वतः तांबवड्याला आल्या आणि ओसरीवर बसून त्यांनी हे आबांना समजावून सांगितलं. काही लपवलं नाही.

"म्हंजी कान जाणार," आबा म्हणाले.

"बहुतेक. हळूहळू जातील. आधी वरचे सूर, मग बाकीचे."

"आणि न्हाई घेतलं तर?"

"तर तुम्ही वर्षभर वाजवाल, कदाचित. पण तुमच्याजवळ जो बसेल त्याला..."

"कळलं, कळलं." आबांनी हात वर केला. ते उठले, आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. सुगंधा खांबाला टेकून उभी होती. तिला वाटत होतं, आबांनी आपल्याला चार शिव्या द्याव्यात, निदान एक थोबाडीत तरी मारावी. आबांनी त्यातलं काहीच केलं नाही. ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"माझ्या फुंकंनं भिवाला लागलं," ते म्हणाले. "जलमभर देवाम्होरं फुंकलो, त्यातनं हे निघालं. आता ऐकू आलं तरी ती फुंक मला ग्वाड लागंल व्हय गं?" आणि डॉक्टरांकडे वळून, "टोचा. पर आज न्हाई. उद्या पाटं एकदा लांब बसून वाजीवतो, मग या."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी देवळामागच्या माळावर एकट्यानं भूपाळी वाजवली. गावानं ती आपापल्या दारांतून ऐकली. सुगंधा बांधावर उभी राहून रडली, अगदी मोकळेपणानं, आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

इंजेक्शननं आपलं काम चोख केलं, दोन्ही बाजूंनी. आबांच्या छातीतला जंतू मेला. डॉक्टर म्हणाल्या होत्या त्याच क्रमानं कानही गेले: आधी चिमण्या, मग दारावरची घंटा, मग भिवाच्या शिव्या, आणि शेवटी लेकीचा आवाज. औषधालाही अखेर मंजुरी मिळाली, दीड वर्ष उशिरानं, नव्या नियमांसह. त्या दीड वर्षात औषधावाचून जे गेले त्यांची आठवण सुगंधाला पुष्कळदा येई. आपण केलं ते बरोबर होतं असं ती त्यांच्याबाबत कधी म्हणाली नाही.

सिद्धोबाच्या यात्रेला गावानं आबांना मानानं नगारखान्यात बसवलं. इतक्या काळानंतर ते पहिल्यांदाच लोकांसमोर वाजवणार होते. भिवानं संबळ मांडला. खाली सगळा गाव हात जोडून उभा राहिला.

आबांनी सनई ओठांना लावली. दम होता, बोटंही होती तशीच होती. पण सनईचा सूर नुसत्या बोटांत नसतो, तो ओठांच्या दाबात असतो, आणि त्या ओठांना वळण लावतो तो कान. तिसऱ्या-चौथ्या ओळीलाच रिषभ, म्हणजे ‘रे’, वर सरकला. मग सगळाच सूर त्याच्यामागोमाग वर चढत गेला. आबांना त्याचा पत्ता नव्हता. ते डोळे मिटून, तल्लीन होऊन वाजवत होते. भिवानं मान खाली घातली, पण हात थांबवला नाही. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माना डोलावल्या, जरा जास्तच. वाजवून झाल्यावर जयघोष झाला.

आबांनी डोळे उघडले. लोकांचे डोलणारे चेहरे पाहिले. ते बघून समाधान व्हायला हवं होतं, पण त्यांनी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या असलेल्या सुगंधाला नजरेनं शोधलं.

"लागला का गं सूर?" त्यांनी विचारलं. बहिऱ्या माणसाचा मोठा आवाज होता, तो खालीपर्यंत गेला. जयघोष थांबला.

भिवा तिच्याकडे पाहत होता, आणि त्याच्या नजरेत विनवणी होती. ‘व्हय’ म्हण. म्हाताऱ्याचं दुसरं काय उरलंय? नुसती मान डोलवायची होती तिला. दिवा हिरवा दिसतोय, तो तसाच ठेवायचा होता.

सुगंधानं मान हलवली. नाही.

आबांचा चेहरा पडला. सनई धरलेला हात मांडीवर आला. पण ते तिच्याकडेच पाहत राहिले, आणि जरा वेळानं त्यांनी विचारलं, "कुठं सुटला?"

ती पुढे आली आणि त्यांच्या समोर, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसली. हाताचा तळवा तिनं हवेत धरला आणि वर नेऊन दाखवला. आबांनी सनई उचलली. एकच रिषभ लावला, नुसता, लांब. तिचा तळवा वर होता. आबांनी ओठ किंचित सैल केले. तळवा जरा खाली आला. आणखी सैल केले. आणखी खाली. सूर घरंगळत घरंगळत जागेवर आला, तसा तिनं हात थांबवला आणि मूठ मिटली.

आबांनी तो तिथंच धरला आणि फिरता दम सुरू केला.